बापटांचं प्रेत

मी प्रेत बोलतोय. दचकू नका, मी आतून पानिपतच्या गिरण्यांतल्या चिंध्यांचा आणि वरून जाड मांजरपाटाचा आहे. आज मी सिनेमात काम केलं आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये विश्वनाथरावांनी मला शिवलं. गणेशोत्सवासाठी त्यांनी फार्स लिहिला होता. त्यात भाडेकरूबाई घरमालक बापटांना विष घालते आणि पोलीस आले की बापटांच्याच उरावर पडून खोटं रडते. रडता रडता त्यांच्या खिशातली तिजोरीची किल्लीही काढते. बापट म्हणजे मी. भाडेकरूबाई म्हणजे विश्वनाथरावांची बायको, अहिल्याबाई. एकोणीस वर्षं तिने मला मारलं आणि एकोणीस वर्षं लोक पोट धरून हसले.

गेल्या वर्षी विश्वनाथराव गेले. शेवटचे दिवस ती हॉस्पिटलात त्यांच्या छातीवर हात ठेवून बसून असायची.

यंदा कॉलनीतल्याच शार्दूलने त्या फार्सचा सिनेमा करायला घेतला. शूटिंग गाझियाबादच्या एका फ्लॅटमध्ये. भाडेकरूबाई तीच, बापट मात्र नवे, जयदीप नावाचा जिवंत नट. मी सामानाच्या पेटीत. किती जळलो म्हणून सांगू.

आज सकाळपासून तीन टेक झाले. दर वेळी ती त्याच्या छातीवर पडायची आणि शब्द विसरून उठायची.

"श्वास घेतोय हा," ती म्हणाली.

"काकू, तेवढा तर घ्यावाच लागतो," जयदीप म्हणाला.

शार्दूल तिच्याजवळ बसला. "काकू, यार, फ्लॅट दुपारपर्यंतच आहे. नाही जमलं तर रोल दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल. काकांनी तो तुमच्यासाठीच लिहिला होता, माहितीये मला."

ती म्हणाली, "आपले बापट आण."

"क्लोजअपमध्ये शिलाई दिसेल."

"चादर घाल तोंडावर. मेलेल्याच्या तोंडावर घालतातच."

पेटी उघडली तेव्हा माझी एकेक चिंधी उड्या मारत होती. मी मात्र निपचित पडून राहिलो. तेवढं मला येतं.

अहिल्याबाई माझ्या उरावर कोसळली. काय तो हंबरडा, आणि त्याच दमात डावा हात खिशात. जयदीप भिंतीकडे तोंड करून हसत होता. शार्दूल कट म्हणायलाच विसरला. शेवटी म्हणाला, तरी ती उठली नाही.

"काकू, झालं. बिल्कुल परफेक्ट."

"ऐकलं मी. थांब जरा."

आता मी सोफ्यावर पडलोय. उद्या मला कॉलनीच्या गच्चीवरून खाली टाकायचा सीन आहे. खुशाल टाका. फक्त तोवर कोणी मला उन्हात वाळत घालू नका. खांद्याशी थोडी ओल आहे, ती राहू द्या.