घरातलं चौथं मत

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमचा वाद झाला तो एका पत्रकावरून. निवडणूक दीड महिन्यावर आली होती आणि ते दुसऱ्यांदा नगराध्यक्षपदाला उभे राहणार होते. हाताने लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "ग्रंथपाल बाई, जरा शुद्धलेखन बघा."

"'जलवाहिनी' कशाला, बाबा? जन्मभर पाइपच म्हणत आलात ना!"

"जन्मभर उमेदवार कुठे होतो?"

आई भाजी चिरता चिरता हसली.

बाबा पाणीखात्यात बत्तीस वर्षं व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याच्या कामावर होते. कुठल्या गल्लीखाली किती इंची पाइप आहे, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर एका चिमुकल्या पक्षाने त्यांना तिकीट दिलं. सहा पक्षांचे सहा उमेदवार, त्यात बाबा सहावे आले. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण आमच्याकडे मतांचे आकडे केंद्रवार लावतात. कचेरीबाहेरच्या फळ्यावर आमच्या केंद्राच्या ओळीत त्यांच्या नावाखाली तीन लिहिलं होतं.

"शेजाऱ्यांचं सोडा," घरी येऊन ते म्हणाले, "पण घरातच आपण चौघं आहोत."

चौघं म्हणजे बाबा, आई, मी आणि धाकटे काका. काकांचं केस कापायचं दुकान. गिऱ्हाईक सगळ्या पक्षांचं, म्हणून काका सगळ्यांच्या हो ला हो करायचे. प्रचारात तर एका मोठ्या पक्षाची टोपी घालून दुकानात उभे असायचे. "डोकं धंद्याचं, दादा, मत तुझं," असं तेव्हा म्हणालेही होते. ती टोपी त्यांना भोवली. त्यांनी शपथा घेतल्या, बाबांनी ऐकून घेतलं नाही. पाच वर्षं दोघे भाऊ एकाच गल्लीत राहून एकमेकांशी बोलले नाहीत. बाबा केस कापायला पार बाजारापलीकडे जायचे आणि वेडेवाकडे कापून यायचे.

ते चौथं मत माझं होतं. मी ते दुसऱ्या पक्षाच्या डॉक्टरीणबाईंना दिलं होतं. त्यांचा जाहीरनामा नेटका होता. बाबांचं भाषण मी चौकात अगदी मागे उभी राहून ऐकलं होतं, कुणी ओळखीचं आपल्याला बघत नाही ना, याची खात्री करत. तत्त्वाने मत दिलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तसं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. बाबा काकांवर ओरडत होते तेव्हा मी तिथेच ताटं मांडत होते. मग एकेक दिवस गप्प राहणं सोपं होत गेलं. मत गुप्त असतं, हे मी वाचनालयात येणाऱ्या मुलांना समजावून सांगते. घरी मी त्याच्याआड लपून राहिले.

त्या शेवटच्या दिवशी कागद परत घेताना बाबा म्हणाले, "या खेपेला तीन पक्की धर. तू, मी, आई."

सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी म्हटलं, "दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय."

सकाळी दाढी करताना ते बेसिनपाशी कोसळले.

दुपारी बाहेरच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. पाणीखात्यातले जुने सोबती भिंतीला टेकून बसले होते. काका आले आणि चपला काढून दाराबाहेरच थांबले. हातात त्यांची धंद्याची पेटी होती.

"वहिनी, एक गाल राहिलाय म्हणे," ते म्हणाले. "असं नेऊ नका दादाला. मी करतो, आणि जातो लगेच."

आईने वरही पाहिलं नाही. "राहू द्या, भावजी. त्यांना चाललं नसतं तुमच्या हातचं."

काकांनी मान हलवली. पेटी काखोटीला मारून ते वाकून चपला शोधू लागले.

मी उठले. माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

"काका, जाऊ नका. आई, त्यांना आत येऊ दे. बाबांना मत मी दिलं नव्हतं. काकांनी दिलं होतं. मी दिलं नव्हतं."