बोल्टच्या पलीकडची तार

गिअरची तार बोल्टच्या खालून गेली होती. खालून म्हणजे कंपनीच्या चित्रात दाखवतात तशी, शिस्तीत. आणि बोल्टही तो नव्हताच, हा काळा होता, कोरा, पान्ह्याचा एकही ओरखडा नसलेला. ती मागच्या चाकाशी उकिडवी बसून बघत राहिली. हातातला चहा निवत चालला होता. क्षणभर तिला वाटलं, शेजाऱ्यांची सायकल आपल्या गॅलरीत कशी आली… पण सांगाडा तर तोच, निळा, डाव्या बाजूला पोपडे उडालेला. मग चेनवरचं नाव दिसलं. तेच नाव मागच्या दात्यांवर, तेच पेडलपाशी, तेच हँडलवरच्या दोन्ही लिव्हरवर – घरातल्या सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातले कपडे शिवावेत तसं.

"काय, कशी आहे?" दारात नवरा उभा होता. टॉवेल खांद्यावर, चेहरा नुसता फुललेला. "ब्रेकचे रबर बदलायला नेली होती ना, तेव्हाच दुकानात सांगून आलो. सगळा सेट एकाच कंपनीचा. ती ठिगळं काढून टाकली एकदाची."

"छान आहे," ती म्हणाली.

छान! जीभ झडायला हवी होती. पण जीभ कसली झडते. ती आपली सवयीने चालते. छान म्हटल्यावर तो शीळ घालत आंघोळीला गेला, आणि तिच्या कानशिलांत असा काही संताप चढला की कप तिने जमिनीवर ठेवला तो जवळजवळ आपटलाच. कुणी सांगितलं होतं याला? माझ्या सायकलला, मला न विचारता… आणि वर मी तक्रार तरी काय करायची? नवऱ्याने हौसेने आणलेली वस्तू म्हणजे तोंडाला कुलूपच. चोराने नेली असती तर निदान बोंबलता तरी आलं असतं.

ठिगळं म्हणे. गिअर बदलायचे लिव्हर जपानी होते, मागचा डिरेलर – चेनला एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा तो लोखंडी हात – इटालियन, चेन तिसऱ्याच कुणाची आणि दाते चौथ्याचे. जसं मिळत गेलं तसं तिने जमवलं होतं. आणि ते एकमेकांशी बोलायला तयार नव्हते! लिव्हर एका खटक्याला तार जेवढी ओढायचा, त्याहून थोडी जास्त ओढ डिरेलरला हवी असायची. चेन दोन दात्यांच्या मध्ये कुरकुरत राहायची. सगळे म्हणाले, भलत्या कंपन्या एकत्र नांदत नाहीत, नाद सोड. तिने नाद सोडला नाही. एका रविवारी दुपारी, गॅलरीत फतकल मारून बसलेली असताना, तिच्या डोक्यात आलं की तार बोल्टच्या खालून नेण्याऐवजी वरून, सांध्याच्या जवळून नेली तर? तेवढ्याच ओढीत डिरेलरचा हात थोडा जास्त हलेल. एवढंच. तिने तार वरून घेतली, बोल्ट पिळला, पेडल हाताने फिरवलं, लिव्हर दाबला… आणि चेन एकेक दाता शहाण्यासारखी चढत गेली. ती ओरडलीच होती. नवऱ्याला हाका मारून बोलावलं होतं. तो झोपेतून उठून आला होता, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने त्याला खाली बसवून लिव्हर त्याच्याच बोटाने दाबायला लावला होता. "वा!" तो म्हणाला होता. "तू म्हणजे ग्रेट आहेस." मग तिथेच, ग्रीसच्या हातांनी…

आंघोळीच्या पाण्याचा आवाज थांबला. तिने कप उचलला, गार चहा मोरीत ओतला आणि कामावर निघाली. सायकल घेऊनच निघाली, कारण न नेणं म्हणजे काहीतरी सांगणं झालं असतं.

तिचं काम दातांचं. दवाखान्यांतून ठसे यायचे आणि त्यावरून ती आणि थोरल्या बाई टोप्या घडवायच्या – कुणाच्या दाढेवर, कुणाच्या पुढच्या दातावर बसणाऱ्या. आज समोर एका म्हाताऱ्या माणसाची दाढ होती. तिची टोपी शेजारच्या दाताला अडत होती, आणि तेवढी कड बारीक कानशीने घासता घासता ती मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत होती. बघ, ही टोपी माझी, दात त्याचा, सिमेंट तिसऱ्याचं. तू असतास तर म्हणाला असतास, काढा सगळेच, बत्तीसच्या बत्तीस एकाच कंपनीचे बसवा! कवळी म्हणतात त्याला. कवळी!

"कुणावर दातओठ खातेयस?" थोरल्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

तिने सांगितलं. थोडंसंच सांगितलं, पण सांगताना आवाज चढला.

"अगं बाई, नवऱ्याने नवीन आणलं आणि तू फुरंगटून बसलीस? माझा तर जुनं विकून येतो. पाठव तुझ्याला माझ्याकडे, चार दिवस ठेवते आणि परत देते."

तीही हसली. हसल्यावर जास्तच राग आला – हे असंच होतं. गोष्ट सांगितली की ती लहान दिसायला लागते, आणि आपण चिडकी बायको.

जेवणाच्या सुट्टीत ती सायकलच्या दुकानात गेली. मास्तर – सगळे त्याला मास्तरच म्हणायचे – एका चाकाच्या तारा आवळत होता. तिला बघून उठला. "या ताई! आवडली ना? साहेब म्हणाले, सरप्राइज आहे, अजिबात बोलू नका."

"माझी तार वरून होती," ती म्हणाली. "बोल्टच्या वरून."

"हो ना! ती चुकलीय म्हणून मी आधी खालून घेतली. म्हटलं, फुकटात करून देऊ. तर गिअरच बसेनात. मग साहेबांना विचारलं, हे कुणी मुद्दाम केलंय का? म्हणजे मुद्दाम असेल तर परत तसंच करतो." त्याने चिंध्यांना हात पुसले. "ते म्हणाले, छे हो, सेकंडहँड घेतली होती, आधीच्या कुणा अडाण्याने बसवलं असणार. मग म्हणाले, बदलूनच टाका सगळं."

अडाण्याने.

"जुना डिरेलर ठेवलाय मी," मास्तर म्हणाला. "बसवून देऊ का परत? माझी काही हरकत नाही."

तो खोक्यातून काढून त्याने पुढे धरला, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला तो नकोच आहे. तो बसवला तरी दुकानात म्हटलं गेलेलं ते वाक्य कसं काढणार होती ती? विसरला. म्हणजे खोटं बोलला असता तरी परवडलं असतं, लाज वाटली म्हणून बोलला असता तरी… हा चक्क विसरला. माझी ती दुपार याच्याकडे नाहीच. मी लावली होती, मी, आणि तू शेजारी बसला होतास, तुझ्या बोटाला ग्रीस लागलं होतं! "नको," ती म्हणाली.

संध्याकाळी परतताना चढावर तिने लिव्हर दाबला. जुन्या सवयीने जरा पुढे, जरा जास्त… इथे गरजच नव्हती. खटका झाला आणि चेन गुपचूप वर गेली, लोण्यातून सुरी जावी तशी. चांगली होती सायकल. आधीपेक्षा खूप चांगली होती. हे तर सगळ्यात मोठं दुखणं. वाईट असती तर रागाला काहीतरी कारण उरलं असतं. आता हा राग बिनकारणाचा, आणि तरी पायांत मावत नव्हता. चढ संपेपर्यंत तिने वाक्य पक्कं केलं. घरात शिरायचं, चप्पल काढायच्या आधी म्हणायचं – तो अडाणी म्हणजे मी. बस. पुढचं त्याने आठवावं, शरमावं, काय हवं ते करावं.

तो स्वयंपाकघरात काकडी चिरत होता. "आलीस? कशी चालली?"

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा हात थांबला.

"थांब गं," तो म्हणाला. कपाळावर आठी, नजर भिंतीवर कुठेतरी. "ती तार… मास्तर विचारत होता. तू मला एकदा बोलावलं होतंस का? दुपारी? मी झोपलो होतो, आणि तू काहीतरी दाबायला सांगितलंस…"

दिवसभर जे हवं होतं ते समोर आलं होतं. आणखी एक शब्द दिला असता तर त्याला सगळं आठवलं असतं, उन्हासकट. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून शोधत होता, चष्मा शोधावा तसा, मदतीच्या आशेने तिच्याकडे बघत.

"नाही रे," ती म्हणाली. "आधीपासून तशीच होती ती."

"हां, मला वाटलंच," तो म्हणाला, आणि काकडीकडे वळला.

सुरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. ती दाराशी तशीच उभी होती, चपला पायात, आणि स्वतःचाच आवाज तिला ऐकू येत होता – किती सहज म्हणाली, ना कापरा, ना घुसमट. संतापाची जागा तिने चाचपून पाहिली. तो होता, पण त्याला आता या माणसाकडून काही नको होतं, माफीही नको. नवऱ्याला ती दुपार आठवू नये असंच तिला वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपलं काहीतरी आपण त्याच्यापासून लपवून ठेवलं, आणि ते ठेवताना बरं वाटलं… याचीच तिला भीती वाटायला लागली.