खोलीत चिटपाखरू नाही

पाय मोडला तेव्हा थोरला म्हणाला, "आई, नोटरीच्या हपिसात जायला नको. कायदा बदललाय. घरबसल्या फोनवर तोंड दाखवायचं."

"तोंड दाखवायला मी काय नवी नवरी आहे?" म्हटलं. पण मनातून बरं वाटलं. त्या हपिसाचा जिना चढायचा तर चौघांनी मला उचलायला हवं, आणि एवढ्यात चौघांच्या खांद्यावर जायचा माझा बेत नाही.

कागद मुखत्यारपत्राचा. खालचं रफूचं दुकान मी नवऱ्यामागे एका सुईवर चालवलं. आता त्याचे सगळे व्यवहार माझ्या वतीने थोरल्याने करायचे. त्याने मला वाचून दाखवलं होतं. विकण्याचं कलम जरा भरभर वाचलं, तेवढंच.

"खोलीत कोणी आहे का विचारतील, नाही म्हण," तो म्हणाला आणि फोन हलू नये म्हणून कॉटच्या पायथ्यामागे दडून तो धरून बसला.

फोनच्या काचेत एक तरुण नोटरीबाई आली. ओळखपत्रावरचा फोटो आणि माझं थोबाड ताडून पाहिलं.

"फोटोत हसताय, आजी."

"तेव्हा पाय धड होता."

"खोलीत आणखी कोणी?"

"चिटपाखरू नाही."

"मग फोन फिरवून खोली दाखवा."

मी हात उचलायच्या आत फोनच उचलला गेला. कपाट, खिडकी, औषधांचं टेबल, असा ऐटीत चक्कर मारून पुन्हा माझ्यासमोर हजर.

बाई म्हणाली, "आजी, तुमचे हात तर मांडीवर होते. फोन फिरवला कोणी?"

थोरला कॉटमागून उठला. "मॅडम, मी फक्त स्टँड म्हणून..."

"स्टँडने बाहेर जावं. दार लावून."

फोन औषधाच्या बाटलीला टेकवून तो गेला. माझ्या घरात कुणाला बाहेर काढायचं ते आजवर मीच ठरवलंय! नणंदेचा असाच कागद झाला तेव्हा मी नोटरीच्या हपिसात होते. टेबलाभोवती सगळा गोतावळा, साहेबाने मान वर न करता शिक्का हाणला. ती हो म्हणाली की नाही, कुणी ऐकलंसुद्धा नाही.

"या कागदाने काय होणार, आजी?"

"पोरगा दुकान बघणार."

"विकूही शकणार. ते तुम्हाला हवंय?"

'माझं काय, पोरं म्हणतील तसं,' जिभेवर आलंच होतं. हेच बोलणाऱ्या किती बायकांना मी झापलंय. गिळून टाकलं. पोरगा वाईट नाही, दमलाय. पण दुकान माझं आहे.

"भाड्याने देऊ दे. विकायचं मी मेल्यावर."

"मग यावर शिक्का नाही देता येणार. कागद बदलून घ्या, पुन्हा बोलू."

"आणि दाराला कोणी कान लावला असेल तर? ते तुझ्या काचेत दिसतं?"

"नाही दिसत," ती हळूच म्हणाली. "तेवढं तुम्हालाच बघावं लागेल."

फोन बंद झाला. मी हाक मारली, "ये आत. ऐकलं असशीलच."

थोरल्याचा चेहरा पडला होता. "आई, मी दुकान घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शब्द दिलाय."

"मग परत घे. माझ्यावर ढकल. म्हातारी खाष्ट आहे म्हण, कुणालाही पटेल."

तो कॉटच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "भाड्याने तरी कुणाला द्यायचं?"

इतक्या दिवसांत हे त्याने मला पहिल्यांदाच विचारलं. मी उशी सरकवून त्याला नीट बसायला जागा केली.