उल्जिनवालीचं अंडं

जांग घालायच्या दिवशी भांडू नये, हे आमच्या बामगोलमध्ये शेंबडं पोरही सांगेल. सोयाबीनचं हे खारं पाणी म्हणजे साऱ्या गावाची वर्षाची चव. तरी त्या सकाळी समाजघराच्या अंगणात, रांजणांच्या पुढ्यातच, भांडण जुंपलं. एकीकडं उल्जिनवाली आजी, उल्जिन तिचं माहेर, वय ऐंशीच्या पुढं, हातात मीठ ढवळायचा दांडा. दुसरीकडं माझ्या शेजारची सोदाम, सोळा वर्षांची, नाकावर चष्मा आणि पाठीमागं गावातली सगळी चिल्लीपिल्ली.

"ही वानरं परत आणलीस व्हय?" आजी म्हणाली. "गेल्या साली ह्यांनीच रांजण हाताळलं, न् साऱ्या गावाचं जांग नासलं. बुरशी न् किडं, तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई मला."

"हात बाहेरनं लावला हुता, आजी. कुठला रांजण उन्हानं जास्त तापतो, ते बघत हुतो."

"बघितल्यानंबी नासतं."

 गेली चाळीस वर्षं गावाचं जांग तिच्याच हातचं. तिला चूक म्हणायची छाती तिच्या सासूलाही नव्हती.

सोदामला शिकायचं वेड लहानपणापासून. बापाचा पाण्याचा पंप तिनं खोलून परत जोडला, आणि वर दोन बोल्ट उरले तेही त्याच्याच हातात दिले. पंप चालला, हे विशेष. शिकलेलं पोटात ठेवणं मात्र तिला जमत नाही. दर शनिवारी ती समाजघराच्या मागच्या खोलीत पोरं गोळा करायची. तिथली जमीन खालून चुलीच्या धगीनं तापते, कितीही थंडी असो. जांग नासलं आणि आजीनं खोलीची किल्ली कमरेला लावली. तेव्हापासून शाळा सोदामच्या गोठ्यात. बोटं गारठायची, आणि कागदाचं रॉकेट उडायच्या आधीच बैल खाऊन टाकायचा. परवा आयांनी सांगून टाकलं, पोरं खोकून बेजार झालीत, पुढच्या शनिवारपासून यायची नाहीत. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. मला खरंच वाईट वाटलं. पण किल्ली मागायला मीही गेले नाही.

मी दगडावर बसून मेजू घासत होते, म्हणजे उकडून कुटलेल्या सोयाबीनच्या, बुरशी धरलेल्या विटा; खाऱ्या पाण्यात मुरवल्या की जांग होतं. रांजणातल्या पाण्यात मीठ विरघळलं, गाळ खाली बसला. आजीची जीभ आताशा मीठ सांगत नाही, म्हणून तिची सारी भिस्त अंड्यावर. खाऱ्या पाण्यात अंडं सोडायचं. नाण्याएवढं डोकं वर निघालं, की मीठ बेताचं झालं. अंडं तिला आपल्याच कोंबडीचं लागतं, आणि तिची कोंबडी तिच्याच वयाची, थंडीत घालतच नाही.

आजीनं कनवटीतून अंडं काढून सोडलं. नाण्याएवढं डोकं वर आलं.

"बघा. अंडं खोटं बोलत न्हाई."

"न्हाईच बोलत," सोदाम अगदी गरीब गाईसारखी म्हणाली. "आजी, पोरांनीबी आपापल्या घरची अंडी आणलीत. तेवढी सोडू द्या की तुमच्या अंड्याच्या सोबतीला. पोरं शिकतील."

मान दिला म्हटल्यावर आजी विरघळली. "सोडा. पर फोडशीला तर कान उपटीन."

पोरांनी एकेक अंडं सोडलं. एकेक सरळ तळाला गेलं. वर उरलं आजीचं एकटं.

"पोरं तशी त्यांची अंडी," आजी खुशीत म्हणाली. "वर याची अक्कलच न्हाई."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. तेवढ्यात आजीचीच नात बोमी, दात पडलेली, पुढं झाली. तिनं आजीचं अंडं उचललं आणि हात धुवायच्या पाण्याच्या वाडग्यात टाकलं. ते तिथंही तरंगलं.

"आज्जे, तुजं तर साध्या पाण्यातबी वर येतंय गं."

बाया वाडग्याभोवती वाकल्या.

"परसातल्या झाडाला फळं हुती तवापासनं फ्रिजात हाय ते," बोमीला कुणी विचारलं नव्हतं तरी तिनं सांगितलं. "जांगासाठी ठेवलंय, हात लावू नगा म्हणलेली तू. गेल्या सालीबी तसंच ठेवलेलं."

सोदाम हळूच म्हणाली, "अंडं जुनं झालं की आतलं पाणी उडून जातं न् हवा भरती, आजी. मग त्याला वर यायला मीठ थोडंच लागतं. आन् मीठ थोडं पडलं की..." पुढचं तिनं गिळलं. पुढचं साऱ्या गावानं वर्षभर नाक दाबून भोगलं होतं.

मी धुतलेलाच मेजू पुन्हा घासायला घेतला. आजीकडं बघायचं कुणालाच धाडस होईना. म्हातारीनं दांडा आपटला.

"मीठ आणा आणिक. म्या पोरांची परीक्षा घेत हुते. इतका येळ लागला व्हय कळायला?"

"व्हय व्हय," सगळ्या बाया एका सुरात. "परीक्षाच की."

मीठ पडत गेलं, आजी ढवळत गेली. पोरांची अंडी तळ सोडून डुलत डुलत वर आली, नाण्याएवढी डोकी काढून थांबली. पोरं टाळ्या पिटायला लागली.

"मग आमी पास का, आजी?" सोदामनं विचारलं.

"झाला म्हणायचं."

"आन् पास झालेल्यांस्नी खोली?"

आजीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. आपलंच बोलणं आपल्या गळ्यात आलंय, हे तिला कळलं होतं. तिनं कमरेची किल्ली काढून वाडग्यात टाकली. "ही तेवढी बुडती," म्हणाली.

शनिवारी खोली उघडली. अंडं का तरंगतं, हे ऐकायला उल्जिनवाली सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यात तापलेल्या जागी बसली होती. ती आली म्हणून बाकीच्या म्हाताऱ्या आल्या, त्या आल्या म्हणून त्यांच्या सुना. कुणी लसूण सोलत होती, कुणी पाय पसरून होती. पोरं दाराबाहेर बर्फात, एकमेकांच्या खांद्यावरून आत डोकावत होती.

"कर सुरू, पोरी," आजी म्हणाली. "आन् त्या पोरांस्नी सांग, दार लावून घ्या म्हणावं. थंडी आत येतीया."

सोदामनं आशेनं माझ्याकडं बघितलं. पण मी भिंतीशी चांगली ऊबदार जागा धरली होती, मी काही उठले नाही.