अंशतः खरे आहे

खात्यात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत, 'अंशतः'. आमदारांनी सभागृहात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मंत्र्यांसाठी लिहून द्यायची, हे त्याचं काम. पूल खचला, हे खरे आहे काय? धान्य सडले, हे खरे आहे काय? 'होय' लिहिलं की मंत्री अडकतो, 'नाही' लिहिलं की वर्तमानपत्रं फोटो छापतात. मग हा लिहायचा, 'हे अंशतः खरे आहे.' दोषींवर काय कारवाई केली? 'चौकशी सुरू आहे.' बावीस वर्षांत या एका शब्दाच्या होडीतून त्यानं नऊ मंत्री पैलतीराला लावले होते. पुलावरून पडलेल्यांचं काय झालं, हे त्यानं कधी विचारलं नाही. ते त्याच्या टेबलाचं काम नव्हतं.

यंदा प्रश्न आला तो सरकारी इस्पितळातल्या लिफ्टचा. चौथ्या मजल्यावरून ती खाली कोसळली. आत रुग्णांचे दोन नातेवाईक आणि लिफ्टमन. तिघेही गेले. लिफ्टमन म्हणजे 'अंशतः'च्या धाकट्या बहिणीचा नवरा.

खात्यानं दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, लिफ्टमननं जास्त माणसं भरली. सहा जणांच्या लिफ्टमध्ये तीन माणसं जास्त कशी, हे गणित कुणी मांडलं नाही. मेलेला माणूस सरकारला फार सोयीचा. तो उलटून बोलत नाही.

"दादा, पोरीला शाळेत म्हणतात, तुझ्या बापानं माणसं मारली," बहीण म्हणाली. "लिहिणं तुझ्या हातात आहे ना? मग लिही की!"

फाईल त्याच्याच टेबलावर होती. लिफ्ट सुरक्षित असल्याचा दाखला, खाली तपासणी अधिकाऱ्याची सही. चार पानं उलटल्यावर त्याच अधिकाऱ्याचा रजेचा अर्ज. दाखल्याची तारीख रजेच्या बरोब्बर मधली. साहेब थंड हवेच्या ठिकाणी बसून लिफ्ट तपासत होते.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं लिहिलं, 'होय, हे खरे आहे.' खाली रजेची तारीख.

उपसचिवांनी चष्मा कपाळावर चढवला. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे, साहेब."

"मग हे काय? 'अंशतः' करा."

"कोणता अंश खोटा आहे, साहेब? लिफ्ट पडली तो, की माणसं मेली तो?"

"अहो, तुमच्या घरावर प्रसंग आलाय, कळतं मला. पण एका सहीपायी अख्ख्या सरकारची अब्रू चव्हाट्यावर मांडायची? उद्या लोक सरकारी लिफ्टमध्ये पाय ठेवतील का?"

"ठेवूच नये, साहेब."

उपसचिवांनी रजेची तारीख खोडली आणि हिरव्या शाईनं 'अंशतः' स्वतःच घातलं. अक्षर वेडंवाकडं आलं. सवय नव्हती.

प्रश्न विचारणारा आमदार विरोधी बाकावरचा, ढाण्या वाघ म्हणून मिरवणारा. मंत्र्यांना एखाद्या उपप्रश्नाचं उत्तर येईना की मागच्या अधिकारी कक्षातून चिठ्ठी जायची, आणि मंत्री ती आधी नजरेखालून न घालता थेट मोठ्यानं वाचायचे. खात्यातली जुनी थट्टा होती, की धोब्याची यादी गेली तरी साहेब ती सभागृहाला सादर करतील.

"लिफ्ट तपासली कुणी?" आमदार गरजला. "नाव सांगा, नाव!"

मंत्र्यांनी मागे हात केला. उपसचिव कागद चाळत होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या 'अंशतः'नं चार ओळी खरडल्या आणि चिठ्ठी शिपायाच्या हातात ठेवली.

मंत्र्यांनी अधिकाऱ्याचं नाव खणखणीत वाचलं. "हे अधिकारी त्या दिवशी रजेवर होते. लिफ्ट न पाहताच त्यांनी दाखल्यावर सही केली. लिफ्टमनचा यात काहीही..." इथे मंत्र्यांची जीभ टाळ्याला चिकटली.

आता वाघ फाडून खाणार, असं 'अंशतः'ला वाटलं. वाघ उठला, पण शेपूट घालून. मागल्या सरकारात तो मंत्री होता आणि त्या अधिकाऱ्याला त्या खुर्चीत त्यानंच बसवलं होतं. नाव आत्ता कळलं, तेव्हा घाम फुटला.

"अध्यक्ष महोदय, टीका वेगळी आणि शासनाची नाचक्की वेगळी. आम्हीही उद्या तिकडे बसणार आहोत. हे उत्तर कामकाजातून काढून टाकावं."

दोन्हीकडची बाकं वाजली. अख्ख्या अधिवेशनात एकमत झालं ते एवढ्यावर. अध्यक्षांनी उत्तर काढून टाकलं.

लिफ्टची चौकशी आठ महिने 'सुरू' होती. 'अंशतः'ची चाळीस मिनिटांत आटोपली. 'शासनाची प्रतिमा मलीन केली', म्हणून निलंबन. तीन माणसं मारणाऱ्याचा केसही वाकडा झाला नाही; चार ओळी लिहिणाऱ्याला दुपारच्या चहाच्या आत घरी पाठवलं.

तो सरळ बहिणीकडे गेला. ती शिवणयंत्रावर बसली होती. पायडल थांबलं. दाखल्याचं आणि रजेचं त्यानं तिला आधीच सांगितलं होतं.

"नाव वाचलं त्याचं?"

"वाचलं. मोठ्यानं."

"आणि ह्यांचा दोष नाही म्हणाले?"

"म्हणत होते. मधेच थांबले."

"किती माणसं होती तिथं?"

"दोनशे अकरा."

"दोनशे अकरा!" ती उठली. "मेल्यांना कान होते ना? एकानंही विचारलं नाही, पुढचं वाक्य काय म्हणून?"

त्यानं मान खाली घातली. बावीस वर्षं तोही विचारत नव्हता.

तिनं दाराआडच्या चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"पोलीस ठाण्यात. नाव भर सभागृहात वाचलं गेलंय ना आता?"

"तक्रार घेणार नाहीत गं."

"नाही घेतली तर बसून राहू. तुला तरी कुठे ऑफिस आहे आता? चल."

त्यानं बूट काढलेच नव्हते.