सत्तेचाळिसावं कलम

ऑफिसात तिला सगळे काटेकोरताई म्हणत, आणि ते नाव तिला मनापासून आवडे. सॉफ्टवेअरने कसं वागावं हे आधी कागदावर लिहिलेलं असतं. ते तसंच वागतंय का, हे एकेक कलम घेऊन ताडून पाहणं हे तिचं काम. सतरा वर्षांत तिच्या नजरेतून फारसं काही निसटलं नव्हतं.

या खेपेला गाठ होती हॉस्पिटलच्या घंटीशी. पेशंटने खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर लाल दिवा लागतो. सत्तेचाळिसावं कलम सांगत होतं, नर्सने टेबलावरूनच ‘पाहिलं’ म्हणून बटण दाबताच दिवा विझावा. ताईने दाबलं. दिवा विझला नाही, नुसता पिवळा झाला. पुन्हा दाबलं, पिवळाच.

ती तडक प्रोग्रामरकडे गेली. हा दिवसभरात दहा वाक्यं बोलला तरी खूप.

“मुद्दाम केलंय, ताई.”

“मुद्दाम? कागदात तर नाही!”

“कागदच चुकलाय.”

तिचा पारा चढला. “उद्या जो तो मनाचं करायला लागला, तर मी इथे माशा मारू?”

तो वादात पडला नाही. “दुपारी वॉर्डात चला,” एवढंच म्हणाला.

वॉर्डात अजून जुनीच घंटी होती. नऊ नंबरच्या आजोबांनी बटण दाबलं. मोठ्या सिस्टरने टेबलावरचा दिवा विझवला आणि त्या उठल्या. वाटेत एका नातेवाइकाने अडवलं, मग फोन वाजला, मग पलीकडच्या बाईंना कुशीवर वळवायचं होतं. अकरा मिनिटं झाली. आजोबा पाण्यासाठी दाराकडे डोळे लावून होते. शेवटी ताईनेच पेला भरून दिला.

“दिवा विझला की आमच्या डोक्यातूनही जातं हो,” सिस्टर ओशाळून म्हणाल्या. त्यांनी प्रोग्रामरकडे बोट दाखवलं. “हे तीन दिवस इथे स्टुलावर बसले होते. यांना म्हटलं, मी खाटेपाशी पोचेपर्यंत काहीतरी लागलेलं राहू द्या.”

“त्याआधी कुणी विचारलं नव्हतं?”

“कुणी आलंच नव्हतं.”

परतताना ताई जिन्यात थांबून म्हणाली, “ते कलम मीच लिहिलंय. मीटिंगच्या खोलीत बसून.”

“माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

तिला खळखळून हसू आलं. खरंच, नसतंच ऐकलं.

“पण तूही सुटलेला नाहीस हं. कागदात न लिहिता बदल केलास. उद्या कुणी नवा येईल, कलम वाचेल आणि तुझा पिवळा दिवा चूक समजून काढून टाकेल.”

त्याने कान खाजवला. “हो की! हे डोक्यातच आलं नाही.”

मग दोघं शेजारी बसून नवं कलम लिहू लागले. ‘नर्स पोचल्यावर दिवा विझावा’ असं त्याने सांगितलं. पोचली हे यंत्राला कसं कळणार, म्हणून ताईने ते खोडून ‘खाटेमागचं नर्सचं वेगळं बटण दाबल्यावर’ केलं. सिस्टरना फोनवर वाचून दाखवलं. “अगदी अस्संच!” त्या म्हणाल्या.

घरी नवऱ्याने नेहमीसारखं विचारलं, “आज कुणाची चूक पकडलीस?”

“माझी,” ती चपला काढत म्हणाली, आणि इतकी खुशीत म्हणाली की तो तिच्याकडे बघतच राहिला.