मागे नेणारा बाण आणि सातुर्निनाचा अर्ज

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. संगणकाच्या पडद्यावर वर, डाव्या कोपऱ्यात बसतो. आलेल्या वाटेने माणसाला एक पाऊल मागे नेणे, एवढेच माझे काम. वाट मला कळते ती पत्त्यांवरून. प्रत्येक पानाला आपला पत्ता असतो आणि तो मी लक्षात ठेवतो. काही चुकले की लोकांचा हात आधी माझ्याकडे येई, याचा मला केवढा अभिमान होता!

मग पेरू देशातल्या आयाकुचो गावच्या विणकर जत्रेचा अर्ज आला आणि माझी पार नाचक्की झाली. पाने आठ, पण पत्ता एकच! अर्ज बनवणारा रोमुलो नुसता आतला मजकूर बदलत होता. मला बिचाऱ्याला ते सारे एकच पान वाटे. मला दाबले की मी माणसाला थेट अर्जाबाहेर सोडायचो आणि लिहिलेले सगळे पुसले जायचे.

सातुर्निना वामानी कोराहुआ ही तिथली विणकरीण. अर्ज भरायला ती इंटरनेटच्या दुकानात आली. तिकडे वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे एका दमात सांगतात. तिनेही पहिल्या पानावर दोन्ही एकाच चौकटीत लिहिली. मग कुठल्या पाल्याने लोकर पिवळी होते, कुठल्या किड्याने लाल, हे एकेक अक्षर शोधत लिहिले. चौथ्या पानावर प्रश्न आला: आईचे आडनाव? ती दुरुस्तीसाठी मागे वळली आणि सगळे गेले. पुन्हा भरले, सवयीने पुन्हा तेच झाले. तो शेवटचा दिवस होता. अर्ज नाही तर जत्रेत जागा नाही, आणि वर्षभराचे विणकाम घरातच पडणार. तिने मला चोर म्हटले. मला फार लागले.

ती तडक जत्रेच्या कचेरीत गेली आणि रोमुलोशेजारी ठाण मांडून बसली.

"आता तूच भर, बाबा. मी बघते."

त्याने हसत भरायला घेतले. दोन्ही आडनावे एकाच चौकटीत लिहिली, चौथ्या पानावर अडखळला आणि मला दाबले. तो थेट अर्जाबाहेर! परत आत आला तर पान कोरे! त्याचे कान लाल झाले.

"चूक माझी आहे, मावशी. बाणाची नाही."

"ते राहू दे. आईला चौथ्या पानावर का बसवलंस? ती काय परकी होती?"

तिने पुढे केलेला भाजलेला मका खात रोमुलो कामाला लागला. प्रत्येक पानाला त्याने वेगळा पत्ता दिला, लिहिलेले जपून ठेवायची सोय केली आणि आईची चौकट वडिलांच्या शेजारी आणली.

संध्याकाळी सातुर्निना आठव्या पानावर पोहोचली. तिने अर्ज पाठवला नाही. मला दाबले, एकदा नव्हे, सात वेळा. भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता. पहिले पान उघडले. वामानी. शेजारी कोराहुआ. आईच्या नावावर तिने बोट टेकवले आणि मग पुढे जाऊन अर्ज पाठवला.

रोमुलोचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्या बाईचे तर मुळीच नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही अशी पाने बनवाल, तेव्हा मागे वळणाऱ्याची आठवण ठेवा. मी त्याला आणून सोडीन, पण त्याची अक्षरे तिथे तुम्हीच सांभाळून ठेवा.